आमची वाटचाल : एक कढई, मग दुसरी, मग तिसरी

पहिली ऑर्डर जांबालायाच्या, म्हणजे मांस आणि तांदूळ एकाच कढईत शिजवून केलेल्या इथल्या भाताच्या, साठ ताटांची होती आणि ती आम्ही बिघडवली. 2013 चा ऑक्टोबर. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा होता. झाकण उघडलं तेव्हा वरचा तांदूळ कचकच लागत होता आणि खाली नुसता गिचका. कारण साधं होतं. मला धीर नव्हता, मी सारखी ढवळत होते. यजमानीणबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "चव छान आहे, शा. फक्त काट्याऐवजी चमचे वाट." 'शा' म्हणजे फ्रेंच 'शेर'चं (लाडके) इथलं रूप, आमच्या अलिबागकडच्या 'बाय'सारखं. पैसे आम्ही घेतले नाहीत. त्यांनीही फार आग्रह केला नाही.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स यांच्या मधे गोन्झालेस नावाचं गाव आहे. इथे जिल्ह्याला 'पॅरिश' म्हणतात, आमची असेन्शन पॅरिश. मिसिसिपीच्या काठाने रासायनिक कारखान्यांची रांग आहे, त्यातल्या एकात नवरा इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. गाव स्वतःला जगाची जांबालाया राजधानी म्हणवतं आणि 1968 पासून जांबालायाची जत्रा भरवतं. अशा गावात परक्या बाईने जांबालाया विकायला निघणं म्हणजे बाहेरच्याने कोल्हापुरात येऊन मिसळीची गाडी लावणं. व्हिसामुळे इतकी वर्षं नोकरी करता आली नव्हती, ग्रीन कार्ड हातात आलं होतं आणि स्वयंपाकाखेरीज मला काही धड येत नव्हतं. म्हणून हे धाडस. त्यात शहाणपण काही नव्हतं.

आम्हाला खरं शिकवलं ते शेजारच्या आजोबांनी. सगळी गल्ली त्यांना 'पारँ' म्हणते. पारँ म्हणजे धर्मपिता, पण ते कुणाकुणाचे धर्मपिता आहेत याचा हिशोब त्यांनाही नसावा. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी त्यांना कोळंबीची खिचडी वाढली होती. दोनदा मागून घेतली, बोटं पुसली आणि विचारलं, "भात बरोबर आहे. मांस कुठंय?" बिघडलेल्या ऑर्डरची बातमी कळल्यावर ते दुसऱ्या दिवशी आपली दहा गॅलनची बिडाची कढई ट्रकच्या मागे टाकून घेऊन आले. त्यांच्याबरोबर नावेच्या वल्ह्याएवढं लाकडी वल्हं होतं आणि गॅसची तिपाई शेगडी. ती आमची पहिली कढई. पुढे त्यांनी ती परत घ्यायला नकार दिला.

त्यांनी शिकवलेलं जसंच्या तसं लिहिते. लोक विचारतात, आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवायचं म्हटलं तरी अर्ध्या पॅरिशला ते आधीच ठाऊक आहे.

डुकराच्या खांद्याचं मांस, दोन बोटं जाडीचे तुकडे. तेल थोडंच, जाळ मोठा. मांस तळाला चिकटलं पाहिजे. माझा हात लगेच उलथण्याकडे जायचा, कारण चिकटलं म्हणजे करपलं हे आईने बालपणीच डोक्यात भरलेलं. पारँ माझ्या मनगटावर वल्ह्याचा दांडा टेकवायचे. नीट चिकटलं की कपभर पाणी टाकायचं, सगळी खरवड वल्ह्याने सोडवायची, पाणी आटू द्यायचं आणि परत चिकटू द्यायचं. असं तीनदा, कधी चारदा. जांबालायाचा तपकिरी रंग असा येतो. दुकानात त्यासाठी रंगाची बाटलीही मिळते. आमच्याकडे ती नाही.

मग आंदुई, म्हणजे धुरावलेलं जाड डुकराचं सॉसेज. ते इथून पाऊण तासावरच्या लाप्लास गावचं. सुटलेली जास्तीची चरबी काढून टाकायची आणि कांदा घालायचा. तो गुलाबी होऊन चालत नाही, मांसाच्या रंगात विरघळून दिसेनासा व्हायला हवा. त्यानंतर ढोबळी मिरची, सेलेरी, लसूण. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलेरी या तिघांना इथे 'होली ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रयी, म्हणतात, कॅथलिक मुलूख आहे. मग पाणी, मीठ, लाल तिखट, काळी मिरी. पाणी चाखून बघायचं आणि ते खारट लागायला हवं, 'आज बिघडलं' असं वाटण्याइतकं. तांदूळ ते मीठ पिऊन टाकतो. मी पहिल्या वर्षी इथेही घाबरले होते आणि दोन ऑर्डरी अळणी गेल्या.

उकळी फुटली की तांदूळ. पाणी आणि तांदूळ एका पातळीला आले की झाकण, जाळ अगदी बारीक, आणि पंचवीस मिनिटं कढईपासून लांब जाऊन बसायचं. मग एकदाच, तळापासून वल्हं घालून भात उलटायचा. ढवळायचा नाही, उलटायचा. शेतात नांगराने ढेकूळ पलटतं तसा. परत झाकण, दहा मिनिटं. वर पातीचा कांदा. दहा गॅलनच्या कढईला, म्हणजे साधारण 38 लिटरला, आमचं माप असं : 10 पौंड तांदूळ, 10 पौंड कांदा, 20 पौंड मांस, अडीच गॅलन पाणी. 10 पौंड म्हणजे साडेचार किलो. शंभरेक ताटं होतात. ताटात शेजारी पांढऱ्या घेवड्याची उसळ, कोशिंबिरीसारखं सॅलड आणि पावाचा गोळा, ही इथली रीत.

तांदळावरून आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. पारँच्या मते साधा लांब दाण्याचा, पश्चिमेकडे क्रॉलीच्या सपाटीवर पिकणारा. मी मोठ्या ऑर्डरीला उकडा वापरते. इथला उकडा पांढरा असतो, आपल्या कोकणातल्या लाल उकड्याचा वास त्याला नाही. पण भात उकडून मग सडण्याची युक्ती तीच, आणि दाणा फुटत नाही. गोन्झालेसच्या निम्म्या केटररांकडे मागच्या खोलीत उकड्याच्या गोणी असतात. कबूल फार कमी जण करतात.

आता मसाल्याचं. तुमच्या जांबालायात हळद नाही, गरम मसाला नाही, मग वेगळं काय, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून विचारलं जातं. बॅटन रूजच्या एका इव्हेंट कंपनीने 2015 मध्ये चांगले पैसे देऊ केले होते : 'बिर्याणी जांबालाया' म्हणून विका, पोस्टर आम्ही करतो. नवऱ्याचं मन झालं होतं. मी एकदा घरी करून पाहिलं. खायला वाईट नव्हतं, पण ती जांबालायाही नव्हती आणि बिर्याणीही. जांबालायाची चव मसाल्याची नसतेच, खरवडीची असते. खडे मसाले पडले की तीन तास जे चिकटवलं-सोडवलं त्याचा पत्ताच लागत नाही. आम्ही नाही म्हटलं. त्या वर्षी दिवाळीला भारतात जायचं राहिलं, हेही सांगून टाकते.

हा पदार्थ आधीच किती हातांतून आलाय बघा. केजन, म्हणजे इथले फ्रेंच वंशाचे लोक, मूळचे अकेडियन. 1755 मध्ये ब्रिटिशांनी त्यांना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हुसकावलं, आणि पुढच्या दशकात त्यांच्या टोळ्या लुइझियानाच्या पाणथळ भागात येऊन वसल्या. 'जांबालाया' हा शब्द दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्सालमधला. एका भांड्यातल्या भाताची जाण पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यात टोमॅटो पडतो, ती क्रिओल, लाल. आमच्या गावात टोमॅटोचं नाव काढलं तर लोक हसतात. न्यू ऑर्लिन्सच्या गिऱ्हाइकांना आम्ही लाल करून देतो, फक्त पारँना सांगत नाही.

आमच्या धंद्याला खरा आधार मिळाला तो चाळीस दिवसांच्या लेंटमुळे. ईस्टरच्या आधीच्या त्या दिवसांत इथले कॅथलिक शुक्रवारी मांस खात नाहीत, मासे चालतात. आपल्या श्रावणासारखंच, आणि पळवाटाही आपल्या उपवासासारख्याच : 2010 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी अ‍ॅलिगेटर (इथली मगर) माशांत धरायला हरकत नाही असं लेखी कळवलं होतं. आपल्याकडे उपासाला बटाटा चालतो पण कांदा नाही, हे मी एका पाद्रीबाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तर लेंटच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये कोळंबी, कालवं आणि क्रॉफिशची जांबालाया. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली पिटुकली शेवंड, भातखाचरांतच वाढवतात.

मांसाशिवाय खरवड कुठून आणायची हा तिथला प्रश्न. आम्ही ती कांद्याची करतो, नुसता कांदाच तासभर चिकटवत-सोडवत. पाण्याऐवजी कोळंबीच्या सालांचा आणि डोक्यांचा काढा, कालवांचं पाणीही त्यातच. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही, कोळंबीची डोकी फेकणं आमच्या घरात पाप होतं. कोळंबी भात उलटतानाच घालायची, वाफेवर दहा मिनिटांत होते. आधी घातली तर रबर. इतर दिवशी लोकांना सगळंच एकत्र हवं असतं : कोंबडी, आंदुई आणि कोळंबी. पारँना ते पटत नाही, ते याला 'पाहुण्यांची जांबालाया' म्हणतात. आमची निम्मी विक्री तिचीच आहे.

कोळंबीवरूनच एकदा तोंडघशी पडलो. 2018 मध्ये एका पुरवठादाराने मेक्सिकोच्या आखातातली म्हणून गोठवलेली कोळंबी दिली. सगळी एका मापाची, सोललेली, स्वस्त. मला शंका आली ती चवीवरून, समुद्राचा वासच नव्हता. आतल्या खोक्याचं लेबल पाहिलं तर 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. अमेरिकेत तेव्हा सर्वांत जास्त कोळंबी भारतातूनच येत होती, बहुतेक आंध्रच्या तळ्यांतली. मी ते खोकं हातात धरून उभी राहिले. मायदेशाचा माल, आणि तो परत करायचा. पण आम्ही गिऱ्हाइकाला आखातातली म्हणून पैसे लावले होते. तीन गिऱ्हाइकांना फोन करून फरक परत दिला. त्यातल्या एकाने नंतर कधी ऑर्डर दिली नाही. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, लुइझियानाने कायदा केला की कोळंबी किंवा क्रॉफिश आयात केलेली असेल तर हॉटेलने मेन्यूवर तसं छापावं. आता आम्ही डेलकॅम्ब्र गावच्या धक्क्यावरून थेट नावेवरची घेतो. महाग पडते. 2024 मध्ये क्रॉफिशही असाच रडवून गेला : आदल्या उन्हाळ्याच्या दुष्काळाने पीक बुडालं आणि भाव इतके चढले की त्या लेंटमध्ये आम्ही यादीतून त्याचं नावच काढून टाकलं.

दुसरी, वीस गॅलनची कढई पुरानंतर आली. ऑगस्ट 2016. कुठलंही नाव नसलेला पाऊस, चक्रीवादळ नव्हे, पण काही ठिकाणी तीन दिवसांत वीस इंचांवर पडला आणि अमीट नदी घराघरांत शिरली. आमचं घर थोडं उंचावर, ते वाचलं. गावातल्या सगळ्या कढया रस्त्यावर आल्या होत्या, ज्याच्याकडे जे होतं ते त्यात पडत होतं. आमची दहा गॅलनची पुरेना, म्हणून उधारीवर मोठी आणली. पाच दिवस रोज चार वेळा चढवली. कुणी कुणाला बिल दिलं नाही. आमच्या वहीत तो आठवडा कोरा आहे, पण पुढच्या वर्षभरातल्या गिऱ्हाइकांची नावं पाहिली तर बहुतेक त्याच गल्ल्यांतली.

29 ऑगस्ट 2021 ला आयडा आलं. ते चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ होतं, कॅटरिनाच्या बरोबर सोळा वर्षांनी, त्याच तारखेला. वीज दहा दिवस नव्हती. दोन फ्रीझर भरून मांस होतं. पहिल्या संध्याकाळीच ठरवलं, सडण्याआधी शिजवायचं. लाप्लासचं तर फारच नुकसान झालं, आमचा आंदुईवालाही महिनाभर बंद होता. त्या महिन्यात साधं धुरावलेलं सॉसेज वापरलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी सांगितलं.

तिसरी कढई लहान, पाच गॅलनची, निळ्या रंगाने खूण केलेली. ती शाकाहारी. बिडाच्या कढईला वर्षानुवर्षं चरबी मुरलेली असते, साबणाने निघत नाही आणि काढायचीही नसते. गणपतीत इथली मराठी मंडळी एकत्र जमतात तेव्हा दर वर्षी कुणीतरी विचारायचं, "व्हेज करून द्याल ना?" आणि मी गप्प बसायचे. आता त्या कढईत मश्रूम, मका आणि घेवडा घालून होते. मश्रूम मांसासारखेच तळाला चिकटवते. मंडळाच्या लोकांना मात्र ती तिखट लागत नाही, ते वरून ठेचा घेतात. घेऊ देत. कढईत मी घालणार नाही.

इथे 'लन्याप' नावाचा शब्द आहे. मापाच्या वर दुकानदार जे थोडं हातावर ठेवतो ते, म्हणजे आपला वर्ताळा. पारँ पूर्वी आमच्या प्रत्येक ऑर्डरीला यायचे आणि लन्याप म्हणून तळाची खरवड मागून घ्यायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आम्ही एका डब्यात भरून पाठवतो. येत्या शनिवारी शाळेच्या बँडसाठी दोन्ही मोठ्या कढया चढणार आहेत, तीनशे ताटं. पहाटे चारला 30 पौंड कांदा सोलायला माणसं हवी आहेत. मुलाने हात वर केलाय, मुलगी म्हणते तिची परीक्षा आहे.