जुन्या बंबासाठी वर्गणी

जळगावात आम्ही काही जण एका जुन्या अग्निशमन बंबाच्या डागडुजीसाठी वर्गणी गोळा करीत आहोत. पितळी घंटा घासूनपुसून चकचकीत करण्यासाठी पैसे देणारे पुष्कळ भेटतात. मात्र बंबावरील सेंट्रिफ्युगल (फिरत्या पात्यांच्या जोरावर पाणी फेकणाऱ्या) पंपाच्या दांड्याभोवतीचे झिजलेले पॅकिंग (फटीतून हवा आत शिरू न देणारे भरण) बदलल्याशिवाय पंप हवाच ओढत राहतो आणि विहिरीचे पाणी उचलत नाही, हे समजावताना आमची दमछाक होते. दाणाबाजारातील व्यापारी बहुधा रोखच पुढे करतात, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकरात सवलत मिळत नसल्याने आम्ही धनादेशाचा आग्रह धरतो (काहींचा उत्साह तिथेच मावळतो). १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटांत ६६ अग्निशामक जवान कामी आले; येत्या स्मृतिदिनी पंप चालवून फवारा उडवावा, रंगकाम मागाहून करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.