तुम्ही विचारलंत म्हणून : बुरशीतल्या एका प्रथिनाचा एवढा अभ्यास कशासाठी?

परभणी-जालन्याकडच्या शिवारफेरीत शेतकरी मला हमखास विचारतात, की बुरशी मारणारे औषध शोधायचे सोडून तुम्ही तिच्यातल्या एखाद्या प्रथिनाच्या मागे का लागता. फुलोऱ्यातली तूर डोळ्यांदेखत वाळते आणि बुंधा उभा चिरला की आत काळपट रेघा दिसतात, तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे.

तुरीवर मर, म्हणजे उभे झाड वाळवणारा रोग, आणणारी फ्युजॅरियम उडम ही बुरशी, जिचे वर्णन बुरशीशास्त्रज्ञ बटलर यांनी १९१० मध्ये केले, पीक नसतानाही मुळांच्या अवशेषांवर काही वर्षे तग धरते. म्हणजे तिला जगण्यासाठी रोग करावाच लागतो असे नाही. हा भेद सर्वांत स्पष्ट दिसला तो तिच्या कुळातल्या, टोमॅटोवर मर आणणाऱ्या फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरममध्ये. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले, की तिच्या पेशीकेंद्रकातले 'एसजीई१' हे नियामक प्रथिन काढून टाकले तरी बुरशी प्रयोगशाळेत नीट वाढते, टोमॅटोच्या मुळांतही शिरते, पण झाड मरत नाही. कारण झाडाच्या जलवाहिन्यांत बुरशी जी 'सिक्स' प्रथिने सोडते, त्यांची जनुके या प्रथिनावाचून कार्यरत होत नाहीत.

मला यातली पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. टोमॅटोच्या प्रतिकारक वाणांतली काही जनुके नेमकी ही 'सिक्स' प्रथिनेच ओळखतात आणि झाडाचा बचाव सुरू करतात. ज्या शस्त्राने बुरशी झाडाला नमवते, त्याच शस्त्राने ती पकडली जाते.

हे निष्कर्ष तुरीला जसेच्या तसे लावणे मात्र चुकीचे ठरेल, कारण व्हर्टिसिलियम या दुसऱ्या मर-बुरशीत याच कुळातले प्रथिन काढले तर तिची वाढही खुंटते. परंतु मातीत खोलवर पसरलेल्या बुरशीपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही, हे ज्यांनी आळवणीवर, म्हणजे बुंध्याशी औषधाचे पाणी ओतण्यावर, खर्च केला त्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे मर रोगावर खरा आधार बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातल्या बीएसएमआर ७३६ सारख्या प्रतिकारक वाणांचा राहिला आहे. असे वाण रोगग्रस्त जमिनीत पेरून, तगलेली झाडे निवडून तयार होतात. बुरशी कोणती प्रथिने सोडते आणि ती कोणाच्या हुकमाने सोडते हे कळले, तर त्या निवडीला नेमकी दिशा देता येईल.