बाबांचा अंगठा यंत्राला पटेना, चोराचा मात्र पटला

बाबांच्या खात्यातून दहा-दहा हजार दोनदा निघाले, तेव्हा बाबा बोपोडीतल्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला बसले होते. लॅबच्या पावतीवर वेळ छापलेली होती, सकाळी ८.४०. पुढे सगळ्या कागदांत हीच पावती जास्त कामाला आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मेसेज बायकोनं वाचला. त्यात एईपीएस असं काहीतरी होतं. बाबांनी एटीएम कार्ड आयुष्यात घेतलं नाही. कार्ड म्हणजे चोराला आमंत्रण, हे त्यांचं मत. पण एईपीएसला, म्हणजे आधारवरून बँकेचे व्यवहार करायच्या व्यवस्थेला, कार्ड लागतच नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर गावोगावचे बँक मित्र, म्हणजे बँकेनं नेमलेले एजंट, हातातल्या छोट्या यंत्रावरून रोख देतात. ओटीपी नाही, पिन नाही. एका व्यवहाराला दहा हजारांची मर्यादा, म्हणून दोनदा काढले. खेड्यातल्या म्हातारीला पैशासाठी तालुक्याला जावं लागू नये म्हणून केलेली ही सोय, आणि त्या कामी ती चांगलीच आहे.

पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला केला. खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक एवढं हाताशी लागतं. मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरून तिची पोच छापून घेतली. त्याच बैठकीत बाबांचं बायोमेट्रिक लॉक केलं. आधारच्या अॅपमध्ये दोन वेगवेगळी कुलपं आहेत, एक आधार क्रमांकाचं आणि एक बायोमेट्रिकचं. आपल्याला दुसरं हवं असतं. ते लावलं की बोट, बुबुळ, चेहरा तिन्ही बंद. चोरानं पुन्हा अंगठा टेकवला तर यंत्रावर ३३० हा एरर येतो.

बँकेत मात्र गाडी अडली. काउंटरवरचा तरुण नम्र होता, पण एकाच वाक्यावर येऊन थांबायचा.

"सर, हा बायोमेट्रिक व्यवहार आहे. म्हणजे अंगठा तुमच्या वडिलांचाच."

"वडील इथं उभे आहेत. पैसे देणाऱ्याचा पत्ता तुमच्याच नोंदीत परराज्यातला दिसतोय."

"हो, पण सिस्टिमला मॅच झालंय ना."

बाबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले आणि उलटले. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत टर्नर म्हणून उभी हयात गेली. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत, अंगठ्यावर जुन्या चिरेचा पांढरा वण. "दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला हेच बोट तुमच्या मशीनला चालत नाही," ते म्हणाले. "आणि हजार मैलांवर बरं चाललं?"

मला वाटतं सगळं प्रकरण या प्रश्नात आहे. यंत्र माणूस ओळखत नाही, समोर आलेल्या रेषा नोंदवलेल्या रेषांशी किती जुळतात एवढंच पाहतं. वयानं आणि कामानं झिजलेलं खरं बोट त्यात नापास होतं, आणि जुन्या चांगल्या ठशावरून काढलेली स्वच्छ प्रत पास होऊ शकते. हे काही आजचं नाही. २००२ मध्ये जपानमधल्या योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या त्सुतोमू मात्सुमोतो यांनी जिलेटिनची, म्हणजे जेली करतात त्या पदार्थाची, बोटं बनवून ११ ठसायंत्रांवर चालवून दाखवली होती. आपल्याकडे २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, रबरी शिक्के करायच्या यंत्रावर त्यांच्या प्रती काढून सिमकार्डं सुरू केल्याचं प्रकरण गाजलं. आधार प्राधिकरणानं २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचाच आहे का, हे तपासणारी नवी व्यवस्था आणली. म्हणजे धोका त्यांनाही ठाऊक आहे. काउंटरला तो ठाऊक नसतो.

सायबर पोलिसांकडे जबाब देताना हवालदारांनी पहिलाच प्रश्न केला, "काका, इतक्यात कुठं जमीन-बिमीन विकली का?" भोरकडचा वडिलोपार्जित तुकडा विकला होता, दस्तावर दहाही बोटं नसली तरी अंगठा होताच, आणि आधारची झेरॉक्स तर एजंटापासून सगळ्यांकडे. तिथूनच गेला असं ते म्हणाले नाहीत. लिहून मात्र घेतलं.

बँकेला लेखी अर्ज दिला, त्यात रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे काढले आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य जबाबदारी. बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचा भार बँकेवर. सोबत आधारच्या संकेतस्थळावरून काढलेला पडताळणीचा इतिहास जोडला. त्यात सहा महिन्यांपर्यंतच्या नोंदी मिळतात: कधी, कोणत्या संस्थेनं, कशानं पडताळलं. त्या दोन नोंदींची वेळ आणि लॅबच्या पावतीची वेळ शेजारी-शेजारी ठेवली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. तो घेताना साहेबांच्या केबिनपर्यंत जावं लागलं, पण घेतलाच.

पैसे आधी तात्पुरते आले, मग कायमचे झाले. मधल्या काळातल्या खेपांबद्दल काय लिहायचं, बँकेत ज्याचं काम अडलंय त्याला ते ठाऊकच आहे. गुन्ह्याचा तपास अजून चालू आहे.

मग नोव्हेंबर आला आणि हयातीचा दाखला. लॉक दहा मिनिटांपुरतं उघडता येतं, ते उघडलं. केंद्रातल्या पोरानं बाबांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसून, दाबून ठेवला. ३०० एरर, म्हणजे जुळत नाही. दुसरं बोट, पुन्हा तेच. शेवटी मोबाइलवरून चेहऱ्यानं करायचं ठरवलं. ही सोय २०२१ पासून आहे. अॅप डोळे मिचकवायला सांगतं, फोटो पुढे धरून फसवू नये म्हणून. बाबांनी इतक्या निष्ठेनं डोळे मिटले की उघडायलाच विसरले.

"काका, मिचकवा. झोपू नका."

दाखला निघाला. आता फॅक्टरीतले त्यांचे सोबती रविवारी फोन घेऊन आमच्याकडे येतात, लॉक लावून द्या म्हणून. निम्म्यांचा आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला असतो, ओटीपी जातो कुठल्या कुठे. त्यांना आधी आधार केंद्रावर धाडतो, नंबर बदलून या म्हणतो. चहा मात्र पाजूनच पाठवावं लागतं.