पंखा हलत नव्हता

पहाटे कूस बदलली आणि खोली गरगर फिरायला लागली. कपाट, खिडकी, कॅलेंडर एकामागून एक डोळ्यांपुढून जायला लागलं. मी पलंगाची कड घट्ट धरली आणि ओरडले, "अहो उठा, भूकंप व्हायलाय!"

आमच्या औशात हा शब्द उगाच ओरडायचा नसतो. ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे चारच्या जरा आधी किल्लारीकडची जमीन हलली तेव्हा मी नववीत होते. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले आणि माळवदाची घरं झोपेतच त्यांच्या अंगावर आली. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणातच काढल्या. तेव्हापासून एक सवय अंगात मुरली आहे. जरा काही हलल्यासारखं वाटलं की आधी छताच्या पंख्याकडे बघायचं. हलत असेल तर बाहेर पळायचं, नसेल तर कूस बदलून झोपायचं.

पण त्या पहाटे पंखा बघायला कुणी थांबलं नाही. ह्यांनी सासूबाईंना हाताला धरून अंगणात नेलं, शेजारचे काका टॉवेलवरच बाहेर आले, दोन कुत्री भुंकली. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग काकांनी आत डोकावून निकाल दिला, "पंखा तर गप हाय की."

भूकंप फक्त मला झाला होता.

पुढचे चार महिने औषधांचे. सासूबाई म्हणाल्या पित्त, म्हणून मोरावळा. जाऊबाई म्हणाल्या दृष्ट, म्हणून मीठमिरच्या. एका दवाखान्यात बीपी लो निघालं, दुसऱ्यात मानेच्या मणक्यात गॅप. मग गळ्यात पट्टा आला. लग्नाकार्यात पट्टा घालून गेलं की निदान लोक बसायला खुर्ची देतात. नुसती चक्कर असली की कुणाला काही दिसत नाही. ताप थर्मामीटरला कळतो, सूज डोळ्यांना दिसते. फिरणाऱ्या घराला साक्षीदार कुठून आणायचा? "तुम्ही टेन्शन घेता," हे तर मला इतक्या जणांनी सांगितलं की त्याचंच टेन्शन आलं.

माझ्या लक्षात मात्र एक गोष्ट आली होती. दोरीवर कपडे वाळत घालताना, वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढताना, अंथरुणात उजव्या कुशीवर वळताना हमखास फिरायचं. एरवी नाही. आणि कमाल म्हणजे, मान वर करून पंखा हलतोय का बघायला गेलं की घर फिरलंच! भूकंप तपासायचं यंत्रच माझा भूकंप घडवून आणत होतं.

शेवटी लातूरला कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेले. चक्करेसाठी कान, हे ह्यांना काही पटेना. बाईंनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झपकन मागं आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं. दोन-चार सेकंद काही नाही. मग जे सुरू झालं! मी बाईंचा हात आवळला. त्या माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "या ना, तुम्हीपण बघा." ह्यांनी वाकून बघितलं. माझी बुबुळं आपोआप झटके देत फिरत होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच माझं घर दुसऱ्या कुणाला फिरताना दिसलं. हे एवढंच म्हणाले, "आयला."

बाईंनी समजावलं ते असं. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागात चुन्याचे बारीक खडे असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे. शेजारीच पाण्यानं भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या. गवंड्याची पाणसळ असते ना, तसलंच काम. खडे जागा सोडून नळीत शिरले की डोकं थांबलं तरी आतलं पाणी हलत राहतं आणि मेंदू समजतो, बाई फिरायलीय.

उपाय काय, तर खडे परत घरी न्यायचे. गोळी नाही, सुई नाही. डोकं आधी उजवीकडे लोंबतं, मग तसंच डावीकडे, मग अंगासकट कुशीवर, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ही युक्ती काढली आणि १९९२ मध्ये छापली, म्हणजे किल्लारीच्या आदल्याच वर्षी. इतकं सोपं कसं असेल, म्हणून बऱ्याच डॉक्टरांनी आधी त्याच्यावर विश्वासच ठेवला नाही म्हणे. मला त्या माणसाबद्दल फार जवळीक वाटली.

येताना एसटीत मी खिडकीशी ताठ बसून आले. गळ्यातला पट्टा पिशवीत. सासूबाईंनी विचारलं, "काय दिलं गं डॉक्टरनं?" म्हटलं, "काही नाही, उलटंसुलटं केलं." त्यांना तो पैसा वाया गेलेला वाटला, अजूनही वाटतो.

बाईंनी सांगितलंच होतं की हे परत येतं. आलंही, तीन वेळा. आता मी उशी खांद्याखाली घेऊन पलंगावर ते उलटंसुलटं आपली आपणच करते. मागच्या महिन्यात पहाटे पुन्हा खोली फिरली. मी पलंगाची कड धरली. पलीकडून डोळे न उघडता आवाज आला,

"भूकंप का कान?"

"कान."

"कुठला?"

"उजवाच."

ह्यांनी चाचपडत आपली उशी माझ्याकडे सरकवली आणि कूस बदलली.