पावणेसहा इंच : आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील आमच्या गाळ्यात शिरताच उजव्या हाताला एक बेंच व्हाइस दिसतो. त्यात बारा इंची त्रिकोणी कानस, एक कड वर करून, कायमची आवळून ठेवलेली आहे. आमच्याकडून बाहेर जाणारी प्रत्येक टायटॅनियम तलवार आधी या कडेवर आडवी ठेवली जाते, जिथे ती डुलायची थांबते, म्हणजे तिचा तोल साधतो, तिथे मार्करने खूण केली जाते आणि परजेपासून, म्हणजे मुठीवरच्या आडव्या पट्टीपासून, त्या खुणेपर्यंतचे अंतर रजिस्टरमध्ये लिहिले जाते. ३२ इंची पात्याच्या तलवारीला ते पावणेसहा इंच भरले पाहिजे. ही कानस तिथे का आली, हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

आम्ही २००४ मध्ये एका जुन्या लेथवर काम सुरू केले. जवळच ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखाना १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला आणि तेव्हापासून नाशिकच्या छोट्या वर्कशॉपना अवघड धातूंची सवय लागत गेली. माझीही नोकरीची पहिली वर्षे अशाच एका पुरवठादाराकडे गेली आणि ग्रेड ५ टायटॅनियम, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू, मी तिथेच ओळखायला शिकलो. पुढची तेरा-चौदा वर्षे बुश, फ्लँज आणि फिक्स्चरच्या जॉबवर्कमध्ये गेली. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पंचवटीत मर्दानी खेळ शिकवणारे एक वस्ताद लाठीच्या टोकांना बसवायच्या पितळी टोप्या करून घ्यायला आमच्याकडे येत असत. एकदा टायटॅनियमचा एक तुकडा हातात घेऊन त्यांनी विचारले, "शेठ, ह्याची तलवार होईल का? पोरींची मनगटं दुखतात पोलादानं." त्यांच्यासाठी एक नमुना करायला घेतला होता. तेवढ्यात, २०१८ मध्ये, महानाट्याचे प्रयोग करणाऱ्या एका मंडळींना या कामाची कुणकुण लागली आणि त्यांनी एकदम चोवीस बोथट तलवारींची ऑर्डर दिली. आम्ही उधारीवर प्लेट उचलली. वस्तादांचा नमुना मागे पडला आणि तिथेच आमचे चुकले.

पोलादी तलवारीचे ड्रॉइंग जसेच्या तसे घेऊन आम्ही फक्त पात्याचा धातू बदलला. पोलादात ५३० ग्रॅम भरणारे पाते टायटॅनियममध्ये ३०० ग्रॅम भरले, कारण पोलादाची घनता ७.८५ आणि याची ४.४३. मूठ मात्र बाजारातून आणलेली, ४०० ग्रॅमची पोलादीच राहिली. एकूण वजन ७०० ग्रॅम झाले म्हणून आम्ही खूश होतो. पण पोलादी तलवारीचा तोल परजेपुढे पावणेसहा इंचांवर होता, तो या तलवारीत पावणेचार इंचांवर आला. शिवाय टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असल्यामुळे तेवढ्याच जाडीचे पाते फिरवताना टोकाशी लवलवत असे. वस्तादांनी एक तलवार घेऊन गाळ्याच्या दारात चार हात केले आणि तोंड वाईट करून ती परत दिली. "शेठ, ही पुढे जातच नाही, मुठीतच बसून राहते." त्यांनी हे सांगितले तेव्हा माल टेम्पोत भरून झाला होता.

चोवीसच्या चोवीस तलवारी आठ दिवसांत परत आल्या. ॲडव्हान्सपोटी मिळालेली रक्कम प्लेटवाल्याच्या निम्म्या बिलालाही पुरली नाही. बँकेचा हप्ता तीन महिने थकला, मागच्या गल्लीतला दुसरा गाळा विकावा लागला आणि त्यासोबत माझ्याकडे घडलेला एक चांगला ऑपरेटरही गेला. याहून अधिक झोंबले ते वेगळेच. त्याच मंडळींनी ती ऑर्डर शहरातल्या दुसऱ्या एका वर्कशॉपला दिली आणि त्यांनी आमच्याहून हलक्या, आमच्याहून स्वस्त 'टायटॅनियम' तलवारी दीड महिन्यात देऊन वाहवा मिळवली. वर्षभराने त्यातलीच एक, पाते वाकलेली, दुरुस्तीसाठी फिरत फिरत माझ्याच टेबलावर आली. मी तिची शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, ग्राइंडरला लावली. टायटॅनियमची ठिणगी डोळे दिपवणारी पांढरी शुभ्र असते. इथे ठिणगीच पडली नाही. ते ॲल्युमिनियम होते. मी ते कोणाला सांगितले नाही, सांगितले असते तर हरलेल्याचा कांगावा वाटला असता. आज इथे लिहून मोकळा होतो आहे.

ज्यांना टायटॅनियमची वस्तू घ्यायची आहे त्यांनी घरी एवढे करावे. नुसते पाते आधी हवेत तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत तोलावे आणि वजनात जेवढी घट येईल तिने हवेतल्या वजनाला भागावे. उत्तर ४.४ च्या आसपास आले पाहिजे. २.८ आले तर पैसे परत मागावेत.

दुसरे पाते आम्ही वस्तादांसोबत केले आणि या वेळी ड्रॉइंग कोरे होते. सरासरी जाडी ४ वरून ५ मिलिमीटर केली. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्याने पाते जुन्या पोलादी पात्याच्या बरोबरीला आले. मुठीकडून टोकाकडे जाडीचा उतारही कमी ठेवला, म्हणजे टोकाकडे थोडा जीव राहिला. पाते ३७५ ग्रॅमवर गेले. खरी करामत मुठीत होती. पोलादी मूठ काढून तिच्या जागी टायटॅनियमचीच पोकळ मूठ दोन फाकांत मशीन केली आणि हवा लागू नये म्हणून आतून-बाहेरून आरगॉन वायू सोडत वेल्ड करून जोडली. वेल्डचा रंग चंदेरी किंवा फिका गवती आला तर ठीक, निळा आला तर मूठ बाद. अशा पाच मुठी आम्ही बाद केल्या. सहावी २५० ग्रॅमची झाली, पण आता तोल सव्वासहा इंचांच्या पुढे गेला. तेव्हा वस्तादांनी खिशातून त्यांच्या लाठीची एक जुनी पितळी टोपी काढली आणि मुठीच्या कटोरीखाली, म्हणजे मागच्या टोकाच्या वाटीखाली, धरली. त्या टोपीवरून आम्ही ४० ग्रॅमची पितळी चकती कातली, कटोरीत बसवली आणि तलवार कानशीवर ठेवली. खूण पावणेसहा इंचांवर आली. वजन ६६५ ग्रॅम, म्हणजे पोलादीपेक्षा पाव किलोहून अधिक हलकी, आणि तोल मात्र तिचाच. वस्ताद काही बोलले नाहीत. दारात जाऊन बराच वेळ फिरवत राहिले.

नव्या पोरांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो, कोणी विचारले नसले तरी. पात्याची एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेऊ नका, पाते धनुष्यासारखे वाकते. दोन्ही बाजूंना एक मिलिमीटर ठेवून रफिंग (ढोबळ कटाई) करा, साधारण ६०० अंश सेल्सिअसवर तापवून धातूतला ताण काढून घ्या आणि मगच फिनिशला बसा. कार्बाइडच्या कटरने कापताना मिनिटाला ५० मीटरच्या वर जाण्याचा मोह नको आणि कटर कामावर नुसता घासत ठेवू नका, कारण हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती बहुतेक कटरच्या टोकाला बसते. आणि बारीक चिप (कातताना निघणारा कीस) पेटली तर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका. आमच्या मशीनजवळ वाळूची बादली आहे; तिच्यात कोणी पानाची पिंक टाकली तर त्या दिवसाची हजेरी कापली जाते.

धारेसाठी आम्हाला फोन करू नये. ग्रेड ५ चा कठीणपणा रॉकवेलमध्ये ३६ च्या आसपास, तर चांगल्या पोलादी पात्याचा ५० च्या वर. त्यामुळे यावर धार टिकत नाही. शिवाय शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख धारदार शस्त्रांत आहे. आम्ही सराव आणि रंगमंचासाठी बोथटच करतो आणि तरीही वकिलाला विचारून, गिऱ्हाइकाचे कागद घेऊनच करतो.

वस्तादांची ती पहिली तलवार अजून खेळात आहे. दरवर्षी दसऱ्याआधी ते ती घेऊन येतात, आम्ही मुठीच्या दोन पिना तपासतो, कानशीवर तोल बघतो आणि पैसे घेत नाही. गेल्या महिन्यात त्या महानाट्याच्या मंडळींचा पुन्हा फोन आला होता, जणू मधे काही घडलेच नाही. आम्ही कोटेशन पाठवले आहे : साठ टक्के ॲडव्हान्स, तोल पावणेसहा इंच, मोजणी आमच्या गाळ्यात, आमच्या कानशीवर. अजून उत्तर आलेले नाही.