रविवारी देतो

२०२५च्या नोव्हेंबरातली दुपार. दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले होते, चिवड्याच्या डब्यातले शेंगदाणे वेचून वेचून संपले होते आणि तळाला नुसते पोहे उरले होते. अशा वेळी भाचा बोरिवलीला आमच्याकडे आला आणि न बोलता दिवाणावर आडवा झाला.

"जेवलास का रे?"

"पुढे ढकलली, मामा."

परीक्षा म्हणावी, तर परीक्षा पुढे गेल्यावर हा नाचत आला असता. कुणाचं लग्न म्हणावं, तर याला लग्नाचं काय.

"जीटीए सिक्स. सव्वीस मे होती. आता एकोणीस नोव्हेंबर. पुढच्या वर्षीचा!"

जीटीए म्हणजे व्हिडिओ गेम. त्याचा पाचवा भाग २०१३च्या सप्टेंबरात आला तेव्हा हे कार्टं दुसरीत होतं. आता दाढी करतं. सहावा आधी २०२५मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ठरली, आता ही तिसरी तारीख, तीही ऐन सेमिस्टरच्या तोंडावर. कंपनी म्हणते, पॉलिश करायला आणखी काही महिने हवेत.

"बरंच की मग. वेळ घेतील, पण नीट करून देतील," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच दचकलो. हे वाक्य माझं नव्हतंच. आमच्या बाबांचं होतं, आणि ते कायम एकाच माणसाबद्दल असायचं.

ठाकूरद्वारला आमच्या चाळीपासून चार घरं सोडून एका जिन्याखाली मास्तरांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक कपाट, एक इस्त्री आणि मास्तर. गिऱ्हाइकाने बाहेर फुटपाथवर उभं राहून माप द्यायचं. मास्तर तोंडात टाचण्या धरून आकडे पुटपुटायचे, वहीत लिहायचे, कापडाचा कोपरा कातरीने तिरका कापून पावतीला टाचायचे आणि म्हणायचे, "रविवारी देतो."

रविवारी गेलं की, "फक्त काज-बटण राहिलंय." पुढच्या रविवारी, "इस्त्री मारायची बाकी आहे." एकदा मी आठ-नऊ वर्षांचा असताना मला एकट्याला पाठवलं होतं. मास्तर नेहमीप्रमाणे काज-बटणावर आले आणि त्यांच्या खांद्यावरून मला कपाटाच्या वरच्या खणात बाबांचं कापड दिसलं. दुकानातून आणलं होतं तसंच, घडीसुद्धा न मोडलेलं. मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "असू दे. हात चांगला आहे त्यांचा. वेळ घेतील, पण नीट करून देतील."

पुढे एका मे महिन्यात धाकट्या मामाचं लग्न आलं. माझी पहिली फुलपँट. मुहूर्त काही मास्तरांसाठी थांबणार नव्हता, त्यामुळे आईने स्वतः फुटपाथवर उभं राहून तगादा लावला. पँट आली ती लग्नाच्या सकाळी. मागच्या खिशाची नुसती खूण होती, आत खिसा नव्हता. "खिसा मागाहून लावून देतो," असा मास्तरांचा निरोप. पायाच्या दुमडीला पांढरा धावदोरा तसाच. मंगलाष्टकं चालू असताना मी तो दोरा हळूच ओढत राहिलो आणि 'शुभमंगल सावधान'ला डावा पाय भस्सकन दोन इंच लांब झाला. फोटोत मी एका पायावर झुकून उभा आहे. पाहणाऱ्याला ती ऐट वाटते.

हे सगळं भाच्याला सांगितलं तेव्हा तो उठून बसला. "म्हणजे सायबरपंक!"

ती कहाणी अर्धीमुर्धी माझ्याही कानावर होती. पोलंडच्या कंपनीने २०२०मध्ये या गेमची एप्रिलची तारीख सप्टेंबरवर नेली, सप्टेंबरची नोव्हेंबरवर आणि नोव्हेंबरची १० डिसेंबरवर. एवढ्या तारखा बदलूनही जुन्या प्लेस्टेशनवर गेम असा अडखळला की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. खिसा मागाहून लागला, पुढची जवळपास तीन वर्षं लागत राहिला. २०२३च्या सप्टेंबरात मोठी दुरुस्ती झाली आणि लोक म्हणायला लागले, अरे, आता मस्त बसतोय. पण लग्नातला फोटो तो फोटोच.

"पण झेल्डा बघ ना," भाचा म्हणाला. निन्टेन्डोचा 'टिअर्स ऑफ द किंगडम' २०२२मध्ये यायचा होता, आला १२ मे २०२३ला. करणाऱ्यांनीच नंतर सांगितलं की तारीख पुढे नेली तेव्हा गेम जवळजवळ तयार होता, उरलेलं वर्ष नुसतं तपासण्यात गेलं. त्यात म्हणे खेळणारा फळी, चाक, पंखा, जे हाताला लागेल ते एकमेकांना चिकटवून वाटेल ती गाडी करतो. आता जगातली पोरं कशाला काय चिकटवतील याचा नेम नाही, आणि तरी काही कोसळायला नको. वर्ष गेलं ते त्यात. मी त्याला म्हटलं, ही तुरपाई. उलटं करून बघितलं तरी टाका दिसत नाही. मास्तरांच्या हातची अशी एकच पँट मी पाहिलीय, बाबांची राखाडी. बारा वर्षं वापरली त्यांनी.

भाच्याच्या लॅपटॉपवर एक स्टिकर आहे. मजकूर असा, की उशिरा आलेला गेम शेवटी चांगला निघतो, घाईचा कायमचा वाईट राहतो. खाली नाव मियामोटोचं, मारिओच्या जन्मदात्याचं. तो असं म्हणाल्याचा पुरावा कुणाला सापडलेला नाही, पण हे सांगून मी पोराचं स्टिकर कशाला खराब करू? शिवाय सायबरपंकने 'कायमचा' खोटा पाडला आणि 'उशिरा' खोटा पाडायला 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' हा गेम आहेच. १९९७मध्ये जाहीर झाला, 'तयार होईल तेव्हा' एवढीच तारीख देत राहिला, दोन हजार अकराच्या जूनमध्ये आला आणि समीक्षकांनी त्याला धुऊन काढलं.

त्या ड्यूकचं दुःख मला नेमकं कळतं. सातवीत शाळेच्या पँटचं कापड जूनमध्ये टाकलं आणि पँट दिवाळीच्या सुट्टीत मिळाली. शिलाई सुरेख. खिसे, काज-बटण, सगळं जागच्या जागी. फक्त मधल्या पाच महिन्यांत माझं अंग वाढलं होतं. घोट्याच्या वर चार बोटं पँट. मास्तरांनी बघितलं, डोक्याला हात नाही लावला, काही नाही. पाय उलटा केला, बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "माया सोडलीय." आत दोन इंच कापड दुमडून ठेवलं होतं. ते सोडलं, तरी बोटभर कमीच पडली. पण त्या 'माया सोडलीय'वर आई विरघळली. त्याआधी ती भांडायला निघाली होती.

माझी मात्र एक खोड तेव्हापासूनची. नवा कपडा पहिल्या दिवशी घालत नाही. एकदा धुतो, शिवण ओढून बघतो, मग घालतो. भाच्यालाही हेच सांगतो, पहिल्या आठवड्यात गेम घेऊ नकोस, कोण काय बोंबलतंय ते बघ. तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने मी बाबांकडे बघायचो.

"पण मामा," त्याने विचारलं, "ते आत खरंच काम करतायत की नुसतं कापड पडून आहे, हे बाहेरून कळणार कसं?"

मी म्हटलं, कपाटाचा वरचा खण दिसला तर. एरवी नाही. मग दोघांनी चिवड्यातले पोहे संपवले.

जानेवारीत त्याचा फोन आला. "तुझा प्रिन्स गेला."

माझा म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला प्रिन्स ऑफ पर्शिया. तो मला दादरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भेटला. क्लास डॉसचा होता, शिकलो फक्त सुळ्यांवरून उडी मारायला. तासाभरात राजकन्येला सोडवायचं, आणि तासाची बॅच संपली की सर मुख्य बटण बंद करायचे. जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चौकट काढत चारेक वर्षं तो गेम केला. १९८९मध्ये बाहेर आला, तोपर्यंत ज्या ॲपल टूसाठी तो बेतला होता त्या मशीनचेच दिवस भरत आले होते. इथेही घोट्याच्या वर चार बोटं. अमेरिकेत आधी फारसा खपलाच नाही, दुसऱ्या मशीनींवर गेल्यावर त्याचं नाव झालं.

भाचा सांगत होता ते त्याच घराण्यातल्या 'सँड्स ऑफ टाइम'बद्दल, २००३च्या गेमबद्दल. तो नव्याने करायचं काम युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२०मध्ये बातमी आली तेव्हा मी चार जणांना उगाचच फोन केले होते, आपल्याकडे होतोय म्हणून. ट्रेलर पाहून लोक हसले. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. २०२२च्या मे महिन्यात गठ्ठा बांधून मॉन्ट्रियलला पाठवला. आणि आता २०२६च्या जानेवारीत कंपनीने सांगून टाकलं, रद्द.

"जाऊ दे ना मामा," तो म्हणाला. "तसाही चांगला दिसत नव्हता."

नसेल. पण कुणीतरी इथेच कुठेतरी लोकलने जाऊन-येऊन त्याला टाके घातले होते. हसण्यापुरता सोडला तर तो कुणाला अंगाला लावूनही बघता आला नाही.

ठाकूरद्वारची ती इमारत पाडली तेव्हा मास्तर गावी गेले होते. परत आलेच नाहीत. बाबांचं एक निळं कापड त्यांच्याकडे राहिलं. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत, दुसऱ्या शिंप्याकडेही गेले नाहीत. तयार शर्ट घ्यायला लागले आणि त्यात जरा ओघळलेले दिसायचे.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना पावती सापडली. टाचणी गंजली होती, तिच्यात निळ्या कापडाचा तिरका तुकडा, अजून कोरा करकरीत. देण्याच्या तारखेच्या रकान्यात मास्तरांच्या अक्षरात 'रविवार' एवढंच लिहिलंय.