परातीत उरलेला वॉशर

रविवारची दुपार, तीनचा सुमार. नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका पार्किंगमध्ये जुनी येझदी मोटरसायकल स्टँडवर उभी आहे. इंजिन बांधून झालंय, पेट्रोलची नळी लागलीय, किक मारायची तेवढी बाकी. शेजारी स्टीलची परात. तिच्यातलं काळं डिझेल बाटलीत ओतून घेतलं आणि तळाशी एक वॉशर चिकटलेला निघाला.

घरी इंजिन बांधलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. वॉशर उचलायचा, फडक्याने पुसायचा, बोटांत फिरवायचा, उजेडात धरायचा. मग गाडीकडे बघायचं. गाडी काही बोलत नाही.

उरलेल्या वॉशरांतही उच्चनीच असतं. फटीचा स्प्रिंग वॉशर उरला तर झोप लागते. कुठल्या तरी नटाखाली राहिलाय, पाना घेऊन एक फेरी मारली की जागा सापडते. तांब्याचा उरला तर तो बहुधा ड्रेन बोल्टखालचा, आणि उद्या सकाळी फरशीवरचा तेलाचा डाग स्वतःच तसं सांगेल. (तांब्याचा जुना वॉशर फेकू नये. गॅसवर लाल करून पाण्यात सोडला की पुन्हा मऊ होतो आणि नव्यासारखा बसतो.) पण पातळ, गुळगुळीत पोलादी शिम उरली असेल तर जेवणसुद्धा गोड लागत नाही. गिअरबॉक्समधला शाफ्ट आडवा किती हलायचा, हे ती शिम ठरवते. ती बाहेर राहिली म्हणजे सगळं इंजिन पुन्हा बाहेर.

खोलणं सोपं असतं, हाच घात. दोन तासांत इंजिन परातीत येतं. बांधायला बसेपर्यंत मध्ये तीन महिने गेलेले असतात, आणि मोबाइलवर काढलेल्या दोनशे फोटोंत नेमका हवा तो कोपरा अंगठ्याआड. त्यापेक्षा पुठ्ठा बरा. क्लचच्या बाजूचं कव्हर काढायच्या आधी त्याचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, जिथे स्क्रू तिथे भोक पाडायचं आणि निघालेला स्क्रू त्याच भोकात खोचायचा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर सैलच राहतं, आणि आणखी आवळलं की अल्युमिनियमचा कपचा उडतो. आखूड स्क्रू लांबाच्या जागी गेला तर दोनच आट्यांवर धरतो आणि पहिल्या आवळण्यात आटे घेऊन बाहेर येतो. मग लेथवाल्याकडे जाऊन आट्यांची बुशी बसवा.

लहानपणी हे काहीच माहीत नसताना ही गाडी आपल्याला जास्त कळायची. पंचवटीतल्या वाड्याच्या दारात जावा (येझदीचंच आधीचं नाव) येऊन थांबली की पोरांची टोळी भोवती. दोन सायलेन्सर, म्हणजे आत दोन इंजिनं, यावर सगळ्यांचं एकमत. (इंजिन एकच, सिलिंडरही एकच, ६५ मिमी बोअर म्हणजे आतला व्यास, ७५ मिमी स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, धुराला तोंडं मात्र दोन.) गियरचा दांडा आणि किकचा दांडा एकच, हा दुसरा चमत्कार. दांडा आत दाबून उभा फिरवला की किक. गाडी चालू झाली की पुढे पाडला, की तोच गियर. जो काका हे पायाने, खाली न बघता करायचा, तो थोर. टाकीवर पुढे बसायला मिळालं की मांड्यांखाली टाकीची थरथर आणि नाकात तो जळक्या तेलाचा गोडसर वास. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१पासून जावा निघाल्या, १९७३पासून येझदी नावाने, आणि १९९६ला कारखाना बंद पडला. वास मात्र अजून कुठे आला की मान वळते.

असो. परात.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनभोवतीच्या रिंगा बहुतेक वेळा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. तिथे किकवर उभं राहून शौर्य दाखवू नये. प्लग काढून भोकातून डिझेल ओतायचं, तीन-चार दिवस विसरून जायचं, मग चौथ्या गियरमध्ये मागचं चाक हळूच पुढे-मागे हलवायचं. सुटलं की हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, काढा. बोअरमध्ये ओरखडे दिसले, किंवा नखाला कडा लागली, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जायचं. तिथला बोअरिंगवाला, म्हणजे सिलिंडर आतून कापून देणारा, पहिला प्रश्न विचारतो, “पिस्टन आणलाय का?” नसेल तर तो सिलिंडरला हात लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी अशा पायऱ्यांनी मिळतात; पण हातात आलेला पिस्टन मोजूनच त्याच्या मापाने बोअर कापायचा असतो. फट साधारण अडीच-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०६ ते ०.०८ मिमी. फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर पिस्टन जाम. जास्त ठेवली तर थंड इंजिनात खळखळ, डब्यात सुपारी टाकल्यासारखी.

सिलिंडर घरी आणल्यावर तो नुसत्या पेट्रोलने धुऊन भागत नाही. बोअर शेवटी घासायच्या, होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांमध्ये बसलेली असते. गरम पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश, आणि पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. पुसल्या पुसल्या तेलाचा हात. श्रावणात तर ‘चहा पिऊन लावतो’ म्हणालात तर परत येईपर्यंत तांबूस छटा आलेली असते.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये घालून, पिस्टननेच सरळ ढकलून, तिच्या तोंडाची फट फीलर गेजच्या पातळ पट्टीने बघावी. ६५ मिमीच्या बोअरला ०.२५ मिमीच्या आसपास. ही गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या दर फेरीला एक ठिणगी. तिच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगेचं तोंड त्या पिनेवरच यायला हवं. नाही आलं तर सिलिंडर खाली बसवताना ‘टिक’ असा आवाज येतो, आणि तो नव्या रिंगेचा शेवटचा आवाज. पिस्टन रॉडला जोडणारी गजन पिन ठोकायची नाही, रॉड वाकतो. उकळत्या पाण्यात पिळलेलं फडकं पिस्टनला गुंडाळलं की पिन अंगठ्याने सरकते. ती पिन जागेवर धरणारी तारेची कडी, सर्कलिप, दर वेळी नवी. ती बसवताना चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीच्या, तोंडात फडक्याचा बोळा कोंबलाय ना? नसेल कोंबला तर सर्कलिप तिथेच उडी मारते. अख्खं पार्किंग मोकळं असताना तिथेच.

चेंबर खोललं असेल तर बेअरिंगं नवीन घालावीत, आणि त्यासाठी स्वयंपाकघर लागतं. बेअरिंगं पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारशेजारी. चेंबरचा अर्धा भाग धुऊन, पेट्रोलचा वाससुद्धा उरू न देता, ओव्हनमध्ये. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की बास. मग गार बेअरिंग चेंबरमधल्या गरम खोबणीत हातोडीशिवाय पडतं. टप् असा आवाज येतो, तो ऐकण्यासाठी घरच्यांची बोलणी खायला हरकत नाही. क्रँकचं, म्हणजे रॉड ज्याला फिरवतो त्या शाफ्टचं, मात्र घरी काही करू नये. रॉड वर-खाली जराही हलत असेल तर बिग एंड, म्हणजे रॉडचं खालचं बेअरिंग, गेलं. नवी पिन प्रेसवर बसवून डायलवर क्रँक सरळ करणारा माणूस शोधायचा. आडवा थोडा हलला तर ते रीतसर आहे, त्यावरून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

माझं खरं वेड ऑइल सीलचं, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी चकत्यांचं, आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी चेंबरमध्ये ओढली जाते, तिथे दाबली जाते आणि मग वर जाते. म्हणजे चेंबर हवाबंद हवं, आणि क्रँक तर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. ती दोन भोकं रबराच्या दोन चकत्यांवर सोपवलेली असतात. या गाडीत डावीकडे क्लच. तिकडची सील गेली की इंजिन गिअरबॉक्सचं तेल पिऊ लागतं: मागे धुराचा पडदा, खाली एक थेंब नाही, तरी तेलाची पातळी उतरते. उजवीकडे डायनॅमो. तिकडची सील गेली की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, गरम झाल्यावर गाडी आयडलवर बसत नाही, स्वतःच रेस घेते, प्लग पांढराफटक. लोक महिनाभर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. नुसतं उभं राहूनही रबर कडक होतं, म्हणून इंजिन खोललं की दोन्ही सील न बघता बदलाव्यात. बसवताना शाफ्टच्या चावीच्या खाचेवर पातळ टेप लावावी, नाहीतर खाचेची कड सीलचा ओठ कापते आणि नवी सील जुनीच होऊन बसते.

टायमिंगवर, म्हणजे ठिणगी कधी पडावी यावर, लोक फार बोलतात, त्यामुळे मी थोडक्यात आटोपतो: ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिमी, आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या तीनएक मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत, मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे. डायल गेज नसेल तर प्लगच्या भोकात व्हर्नियरची दांडी.

तेलाचं मात्र थोडक्यात नाही. पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टू-टी, म्हणजे त्यात मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल. नव्या बोअरला पहिले ५०० किलोमीटर ५० मिली. पंपावर अंदाजाने ओतू नये, औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण खिशात असावं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या लिबलिबीत करतं. म्हणून नळी नवी, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा. आणि नाशिककरांनी एक लक्षात ठेवावं: इगतपुरीहून कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गियरमध्ये गाडी सोडली की पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोलबरोबर येणारं तेलही. चाक मात्र इंजिनाला फिरवतच असतं. घाट चढतानाच नव्हे, उतरतानाही नवे पिस्टन जाम होतात. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. नवं इंजिन असेल तर घाटाच्या वाटेलाच जाऊ नये. त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत, चाळीसच्या पुढे न नेता, परत. गार झाल्यावर हेडचे नट फुलीच्या क्रमाने पुन्हा एकदा आवळायचे.

वॉशर अजून हातात आहे. एका बाजूची कड गोलसर, दुसऱ्या बाजूला धार. म्हणजे पंचिंगमधून निघालेला बाजारातला साधा वॉशर, शिम नव्हे. शिम दोन्हीकडून सारखी असते. मडगार्डचा असेल. किंवा बॅटरीच्या पेटीचा.

व्हर्नियर लावला. जाडी ०.८.

मडगार्डचा असेल.